नऊ इंचांचा पडताळा

रविवारी आणि बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गोणपाटावर जो लोखंडी पसारा मांडलेला असतो, त्यात कुलपे, पाने आणि मोडकी घड्याळे यांच्या सोबतीने तेलकट साखळ्यांची भेंडोळीही पडलेली असतात. आणि ज्याच्या घरी एखादी जुनी एमजी किंवा जॅग्वार वर्षानुवर्षे कापडाखाली उभी आहे असा रसिक त्या भेंडोळ्यांपाशी थबकला, की त्याच्या मुद्रेवरील आशा पाहून मला धास्तीच वाटते. क्रँकचे दोन फेरे होताच क्यामचा एकच फेरा व्हावा आणि त्यायोगे झडपांची उघडझाप पिस्टनच्या चढउताराशी जुळून राहावी, एवढा एकच हुकूम टायमिंग चेनने बजावायचा असतो. परंतु त्याच्या तामिलीत थोडी कसूर झाली तर इंजिनाचा दम जातो, आणि साखळी दात सोडून उडाली तर कित्येक इंजिनांत झडप थेट पिस्टनवर आदळते.

‘चेन ताणली’ असे आपले मिस्त्री म्हणतात. वस्तुतः पोलादाच्या पट्ट्या ताणत नाहीत. झिजतात त्या सांध्यांतील पिना आणि बुश, आणि प्रत्येक सांध्यातील केसभर झिजेची बेरीज होऊन साखळी लांब होते. स्वित्झर्लंडमधून मँचेस्टरला येऊन स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये रोलर साखळीला जे रूप दिले, त्याच घाटाच्या तीन-अष्टमांश इंची पिचच्या, म्हणजे लगतच्या दोन पिनांत तेवढे अंतर असलेल्या, साखळ्या पुढे असंख्य विलायती इंजिनांत बसल्या. हे माप परीक्षेस मोठे सोयीचे आहे. जुनी साखळी रॉकेलमध्ये धुवावी, सपाट फळीवर हलका ताण देऊन ठेवावी आणि चोवीस पिच मोजावेत: नवी असेल तर लांबी बरोबर ९ इंच, म्हणजे २२८.६ मि.मी. भरते. कारखान्यातील सामान्य यंत्राला २ टक्के वाढ खपते. वेगवान इंजिनाच्या बाबतीत मात्र ०.७ ते १ टक्क्यावरच साखळी बाद धरतात. म्हणजे पट्टीवर २३१ मि.मी. दिसले, की तिला निरोप द्यावा.

ही तफावत क्षुल्लक वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. क्रँकच्या स्प्रॉकेटला वीस आणि क्यामच्या स्प्रॉकेटला चाळीस दात, साखळी बावन्न पिचची, आणि ओढणारी सरळ बाजू सुमारे दहा पिचची आहे असे धरा. त्या बाजूत १ टक्का वाढ म्हणजे जवळजवळ एक मि.मी.; क्यामच्या चाकाचा घेर ३८१ मि.मी., तेव्हा क्याम सुमारे ०.९ अंश, म्हणजेच क्रँकच्या हिशेबाने १.८ अंश मागे पडतो. टेन्शनर ढिली बाजू दाबून खडखड थांबवतो. ही पिछेहाट त्याला भरून काढता येत नाही. खडखड थांबली म्हणजे दुखणे गेले, हा समज आपल्या गॅरेजांत फार रूढ आहे.

मग नवी साखळी आणावी कोठून? येथे एक देशी सोयरीक कामी येते. १९५५ च्या एमजीए गाडीचे १४८९ घ. सें.मी.चे इंजिन आणि आपल्या अँबॅसडरचे त्याच आकारमानाचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतली. एकेकाळच्या लाल दिव्याच्या सरकारी गाडीचे आणि त्या नखरेल दुआसनीचे कूळ एकच! तथापि कूळ एक म्हणून प्रत्येक सुटा भाग बदलून चालतोच असे नाही. याच घराण्यातील एमजीबीच्या १७९८ घ. सें.मी.च्या इंजिनात आरंभी दुपदरी साखळी असे आणि उत्तरकाळी एकपदरी आली, एवढा दाखला पुरे. नाना पेठेत ‘अँबॅसडरची द्या’ म्हणण्यापूर्वी पदर, पिच, कड्यांची संख्या आणि रोलरचा व्यास यांची फर्द खिशात असावी.

रोलरचा व्यास मुद्दाम सांगतो, कारण बेअरिंगच्या दुकानात औद्योगिक साखळी मागणारा येथेच फसतो. ब्रिटिश वळणाची ०६बी आणि अमेरिकन वळणाची ३५ क्रमांकाची, दोन्हींचा पिच ९.५२५ मि.मी.; परंतु पहिलीचा रोलर ६.३५ मि.मी. जाडीचा, तर दुसरीचा बुश अवघा ५.०८, आणि आतली रुंदीही कमी. एका वळणाची साखळी दुसऱ्या वळणाच्या दातांवर नीट बसत नाही. शिवाय क्लिपच्या मास्टर लिंकने जोडलेली साखळी सायकलला शोभते. बंद टायमिंग कव्हरमध्ये, इंजिनाची रचना परवानगी देत असेल तर, रिव्हेट केलेली अखंड साखळीच मला मान्य आहे.

स्प्रॉकेटांची गोष्ट निराळी. दात आकड्यासारखे वाकलेले असतील, तर नव्या साखळीचाही अल्पावधीत घात होतो; पण नमुना घेऊन भोसरीच्या एखाद्या हॉबिंग करणाऱ्या कारखान्यात गेले, तर तसे चाक कापून, कडक करून मिळू शकते. साखळीचे तसे नाही. शेकडो पिना आणि बुश एकाच मापाचे, एकाच कठीणपणाचे करणे हे एकट्यादुकट्या लेथवाल्याचे काम नव्हे. ती निवडूनच घ्यावी लागते. जुन्या साठ्यातील न वापरलेली साखळी, गंज नसेल तर, मी आनंदाने घेईन. त्याच साठ्यातील टेन्शनरचे रबर मात्र फुकट मिळाले तरी घेणार नाही.

जॅग्वारवाल्यांची कसोटी याहून कठीण. १९४८ मध्ये एक्सके १२० सोबत अवतरलेल्या ३४४२ घ. सें.मी.च्या इंजिनात दोन टप्प्यांच्या दुपदरी साखळ्या आहेत. वरची बदलून खालची तशीच ठेवणे म्हणजे छप्पर शाकारून पाया विसरणे.

एकपदरीच्या जागी दुपदरी बसवण्याची हौस हल्ली बोकाळली आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरील व्हिंटेज गाडीच्या इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. साखळीचा एक पदर वाढवणे हा फेरफार ठरतो काय, याचा काथ्याकूट कायदेपंडितांनी करावा. साधी सहल करणाऱ्या गाडीला मूळची एकपदरी, नवी आणि निर्दोष असली, तर पुरते असे माझे मत आहे.

बसवताना दोन्ही चाकांवरील खुणा समोरासमोर आणाव्यात, चाके एका पातळीत आहेत की नाहीत हे सरळ पट्टी लावून पाहावे, आणि स्टार्टरला हात लावण्यापूर्वी पाना घालून क्रँक हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवावा. कोठे अडले, तर जोर करू नये. कव्हर अजून बाकावरच आहे.