नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे

एखाद्या तरुणाने १९९८ साली डोंबिवलीत सदनिका घेतली असे समजू या. तेव्हा तो अविवाहित होता. गृहनिर्माण संस्थेचा सभासद होताना त्याने नामनिर्देशनाच्या अर्जावर थोरल्या भावाचे नाव घातले. पुढे त्याचे लग्न झाले, दोन मुले झाली. पण तो अर्ज बदलण्याचे राहून गेले. एके दिवशी त्याचे अकाली निधन होते, संस्थेचे सचिव नोंदवही उघडतात आणि पत्नीला कळते की कागदोपत्री नाव दिराचे आहे. दिरालाही प्रामाणिकपणे वाटते, की घर आता आपले. येथूनच कुटुंबात दुरावा सुरू होतो.

कायद्याच्या दृष्टीने दोघांचाही समज चुकीचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती साधारणतः मालक नसते, ती मालमत्ता स्वीकारणारा हात असते. 'सरबती देवी विरुद्ध उषा देवी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. तेथे नामनिर्देशित होती पत्नी आणि विम्याच्या रकमेत हिस्सा मागत होते मृताची आई व मुलगा. रक्कम पत्नीने स्वीकारली तरी ती सर्व वारसांची, असा निर्वाळा मिळाला.

मधल्या काळात थोडा गोंधळही झाला. कंपन्यांच्या समभागांपुरता नामनिर्देशित व्यक्तीच मालक ठरते, असा निकाल २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने दिला होता. तो त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये फिरवला. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून उद्भवलेला तो दावा पुढे दिल्लीपर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचेच मत कायम केले.

सदनिकांबाबत महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये १५४ब-१३ हे कलम आले. त्यानुसार नामनिर्देशित व्यक्तीला संस्था तात्पुरता सभासद करून घेते, तेही कायदेशीर वारस किंवा मृत्युपत्रानुसार हक्कदार व्यक्ती सभासद होईपर्यंतच. संस्थेला पत्रव्यवहार करण्यासाठी, देखभाल खर्च वसूल करण्यासाठी कोणीतरी हवे असते, एवढाच त्यामागचा व्यवहार. मालकी कोणाची, हे ठरवण्याचा अधिकार संस्थेच्या कार्यकारी समितीला नाही. अनेक समित्या मात्र तो आपल्याकडे असल्यासारख्या वागतात.

मग वरच्या उदाहरणात घर कोणाचे? सदनिका स्वकष्टार्जित आहे व मृत्युपत्र नाही, असे धरले तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार पत्नी, दोन्ही मुले आणि मृताची आई हयात असल्यास तीही, हे वर्ग एकचे वारस. चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा. भावाला काहीच नाही.

आईचा हा पाव हिस्सा बहुतेक सुनांच्या, आणि खुद्द सासूबाईंच्याही, ध्यानात नसतो. तसाच तो राहिला आणि उद्या त्या मृत्युपत्र न करता वारल्या, तर तो त्यांच्या मुलांकडे जातो. सासरे आधीच वारले असून दोनच मुलगे होते असे धरले, तर त्यातला अर्धा थोरल्या मुलाला आणि उरलेला अर्धा धाकट्याच्या मुलांना मिळतो. म्हणजे नामनिर्देशनातून जे मिळाले नाही, त्याचा अष्टमांश भाग दिराला आईच्या वाटेने मिळतो! हे टाळायचे असेल, तर आईने स्वेच्छेने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देणे हा मार्ग आहे. त्यासाठी दबाव आणणे मात्र गैर. तो हिस्सा हा त्या वृद्धेचा हक्कच आहे.

विम्याचा नियम आता वेगळा आहे, हे लक्षात ठेवावे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विमा पॉलिसीधारकाने स्वतःच्या पॉलिसीवर आई-वडील, पती वा पत्नी किंवा मुले यांना नामनिर्देशित केले असेल, तर ती व्यक्ती रकमेची खरी लाभार्थी ठरते. सरबती देवींचा खटला आज उभा राहिला असता, तर त्याचा निकाल बहुधा उलटा लागला असता. बँकेतील ठेवींचे तसे नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात, टक्केवारीही ठरवता येते. पण रक्कम दिली की मोकळी होते ती बँक. वारसांचा दावा शिल्लक राहतोच.

म्हणून नामनिर्देशन करू नये असे नाही. ते नसले तर संस्था जाहीर नोटीस मागते, बँक वारसाचे कागद मागते आणि ऐन दुःखात घरच्यांना हेलपाटे पडतात. संस्थेकडे तीन प्रतींत अर्ज दिला की काम होते. लग्न, अपत्यजन्म, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगानंतर तो बदलून घ्यावा आणि पोच जपून ठेवावी.

पण घर नेमके कोणाला द्यायचे, हे ठरवण्यासाठी मृत्युपत्रच हवे. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार मात्र आवश्यक आहेत. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडावेत. पन्नाशीच्या माणसाने ऐंशीच्या काकांची सही घेण्यात फारसा अर्थ नसतो. नामनिर्देशनात आणि मृत्युपत्रात एकच नाव ठेवता आले, तर तात्पुरत्या आणि कायमच्या सभासदत्वाचा प्रश्नच बराचसा सुटतो.