शिवोलीचा रेमो : घरात घडलेले पॉप

गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या शिवोली गावचे रेमो फर्नांडिस (जन्म १९५३) यांनी मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले; परंतु गिटार, बासरी आणि गायन यांची ओढ इतकी प्रबळ होती की, पुढे संगीत हेच त्यांचे जीवितकार्य झाले. १९८४ मध्ये आलेला 'गोवन क्रेझी' हा त्यांचा इंग्रजी गीतसंग्रह विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण त्याचे ध्वनिमुद्रण कोणत्याही कंपनीच्या स्टुडिओत नव्हे, तर घरीच, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट-यंत्रावर झाले. ट्रॅक म्हणजे फितीवरील आवाजाची स्वतंत्र पट्टी. एका पट्टीवर गिटार, दुसरीवर तालवाद्य, तिसरीवर गायन अशी नोंद करून त्या एकत्र मिसळल्या की, एकटा कलावंतही संपूर्ण वाद्यवृंद उभा करू शकतो. या कॅसेटी रेमो स्वतः स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचवीत असत, आणि कलावंताच्या स्वातंत्र्याचा इतका प्रत्यक्ष धडा त्या काळच्या भारतीय पॉपमध्ये क्वचितच आढळतो.

श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) या गोव्यातील कुटुंबावरील चित्रपटात त्यांच्या संगीताचा सहभाग होता. 'जलवा' (१९८७) चित्रपटाच्या शीर्षकगीताने त्यांचा आवाज हिंदी श्रोत्यांपर्यंत नेला, तर ए. आर. रहमान यांचे संगीत असलेल्या 'बॉम्बे' (१९९५) मधील 'हम्मा हम्मा'ने तो घरोघरी पोहोचला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही हिंदीबरोबरच कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी या भाषांतही गाणाऱ्या या कलावंताचे खरे सामर्थ्य गोव्याच्या मातीतल्या मांडो-दुलपद या लोकगीतांना पाश्चात्त्य रॉकच्या ठेक्याशी जोडण्यातच दिसते.