मुरडलेलं पान आणि विसरलेली देशी कपाशी

कपाशीची पानं मुरडणाऱ्या विषाणूचा आढावा नायजेरियातल्या १९१२ च्या नोंदीपासून घ्यायची रीत आहे. ती नोंद आणि पुढची सुदानमधली साथ पाठ्यपुस्तकांत आहेच. पाकिस्तानात मुलतानकडे १९६७ साली काही झाडांवर हा रोग दिसला आणि वीस वर्षं कोणी मनावर घेतला नाही. मग भरघोस उत्पन्नाचा एस-१२ वाण पाकिस्तानी पंजाबात पसरला आणि रोगाला रान मोकळं मिळालं. १९९१-९२ मध्ये साऱ्या पाकिस्तानात कापसाच्या १ कोटी २८ लाख गाठी झाल्या होत्या. दोन वर्षांत त्या ८० लाखांवर आल्या. १९९३ मध्ये रोग श्रीगंगानगरला पोचला, पाठोपाठ आपल्या पंजाबात.

विषाणू पसरवते पांढरी माशी. बियाण्यातून तो जात नाही. पान मुरडायला त्याला बीटासॅटेलाइट या छोट्या डीएनएची साथ लागते. शिरा जाडावतात, पानाच्या पाठीवर वाटीसारखं इवलं पान फुटतं.

रोगाला दाद न देणारा वाण शोधताना पाकिस्तानी पैदासकारांना आपल्या कोइमतूरची एलआरए ५१६६ सापडली. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या ती चांगल्या ओळखीची. तिच्या रक्ताचे वाण तिकडे काही वर्षं टिकले. २००१ मध्ये पाकिस्तानी पंजाबातल्या बुरेवालाचा नवा विषाणू आला आणि ती प्रतिकारशक्ती संपली. तरी आमचे काही विद्वान अजून म्हणतात, अमेरिकन कपाशीत आणखी एखादं जनुक सापडलं की झालं. मला हे मुळीच पटत नाही.

कारण देशी कपाशी, म्हणजे आर्बोरियम, या रोगाला बळीच पडत नाही. मुलतानचा विषाणू असो की बुरेवालाचा, तिचं पान सरळ राहतं. धागा आखूड, गिरण्या घेत नाहीत, असा आक्षेप मी उभी हयात ऐकला. त्याला परभणीच्या मेहबूब बाग कापूस संशोधन केंद्रानं शेतात उत्तर दिलं. पीए २५५, म्हणजे 'परभणी तुराब', आणि पीए ४०२ हे देशीच वाण, पण धागा २७ मिलिमीटरच्या आसपास. तो कापूस बोटांनी ओढून पाहावा, अमेरिकन वाणाशी ताडून पाहावा. आखूडपणाची तक्रार तिथंच मिटते. देशीची बोंडं लहान, फुटल्यावर कापूस लवकर गळतो, वेचणी महाग पडते, हे खरं. पण पैदासकारानं हात घालायच्या याच तर गोष्टी आहेत.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातलं बहुतेक कापूसक्षेत्र देशी वाणांखाली होतं. २००२ नंतर बीटी संकरित बियाण्यानं उरलंसुरलंही बहुतेक गिळलं. उत्तरेत विकले गेलेले त्यातले कित्येक संकर या विषाणूला सहज बळी पडणारे होते. २०१५ मध्ये पंजाबात पांढऱ्या माशीनं अमेरिकन कपाशी उद्ध्वस्त केली, तेव्हा देशीची शेतं तगली. पुढच्या हंगामात तरी गावोगाव देशी बियाणं पोचायला हवं होतं. पण संकरित बियाणं दरवर्षी नव्यानं विकता येतं. देशीचं सरळ बियाणं शेतकरी घरीच राखतो. ते विकण्यात कोणत्या कंपनीला रस असणार? हे काम सरकारी केंद्रांचंच आहे. परभणीचा लांब धागा आणि उत्तरेतल्या देशी वाणांचा काटकपणा एकत्र आणायचा तर संकर, निवड आणि बीजोत्पादन यांना सलग दहा-बारा वर्षं पैसा आणि माणसं द्यावी लागतील. आज बहुतेक प्रकल्प तीन वर्षांत गुंडाळले जातात.