तारामासा कर्वेनगरात का नाही?

पावसाळ्यात पुण्याच्या कर्वेनगरातील एखाद्या बागेच्या भिंतीकडे नीट पाहा. पाठीवर शंख घेतलेली गोगलगाय तुम्हांला दिसेल. खाली पालापाचोळ्यात वाणी सापडेल. काडीने डिवचताच तो वेटोळे करून पडून राहतो. गोगलगाय मृदुकाय संघातील, तर वाणी संधिपाद संघातील. पण पाठ्यपुस्तकात यांच्याच पुढे येणारा कंटकचर्मी संघ? त्यातील तारामासा किंवा सी-अर्चिन इथे मुळीच आढळणार नाही. कर्वेनगरातच काय, जगातील कोणत्याही गोड्या पाण्याच्या नदीत वा जमिनीवर तो राहत नाही. असे का? उत्तर शरीररचनेत आहे.

मृदुकाय प्राण्यांचे शरीर मऊ असते व त्याचे खंड पडलेले नसतात. प्रावार नावाचा पडदा चुन्याचा शंख तयार करतो. नदीतील शिंपला कल्ल्यांनी श्वसन करतो. जमिनीवरील गोगलगाईत प्रावाराखालची पोकळीच फुप्फुसाचे काम करते. शिंपल्याच्या शरीरात शिरलेले जादा पाणी त्याची वृक्के बाहेर टाकतात. उन्हाळ्यात गोगलगाय शंखाचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून ओल टिकवते.

संधिपादांचे शरीर खंडांचे, पाय सांध्यांचे व आवरण कायटिनचे असते. वाण्याच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. गोमेच्या खंडाला एकच. गोड्या पाण्यातील खेकड्याचे कवच पाणी सहजासहजी आत येऊ देत नाही आणि त्याचे कल्ले पाण्यातील क्षार शोषून घेतात.

आता तारामासा पाहा. नाव मासा, पण त्याला कणा नाही, कल्ले नाहीत आणि डोकेही नाही. शरीर बहुधा पाच भागांचे, त्वचेखाली चुन्याच्या तकट्या व काटे. शरीरात नळ्यांचे जाळे असते. पाठीवरील चाळणीसारख्या तबकडीतून ते बाहेरच्या समुद्राशी जोडलेले असते. या नळ्यांना शेकडो मऊ नलिकापाद फुटतात. त्यांत पाण्याचा दाब कमी-जास्त करून तो चालतो, खडकाला चिकटतो, शिंपलेही उघडतो. नलिकापादांच्या पातळ त्वचेतून श्वसनही होते. मात्र त्याला वृक्क नाही.

मनुका पाण्यात टाकली की फुगते. या क्रियेला परासरण म्हणतात. तारामाशाच्या शरीरातील द्रव जवळजवळ समुद्राइतकाच खारट असतो, म्हणून समुद्रात त्याला धोका नसतो. गोड्या पाण्यात मात्र पाणी पातळ त्वचेतून आत शिरत राहते आणि ते उपसून टाकणारे इंद्रियच नसल्याने तो मरतो. म्हणूनच या संघाच्या सुमारे ७,००० जातींपैकी काही थोड्या खाडीच्या मचूळ पाण्यापर्यंत पोहोचल्या. त्यापुढे एकही नाही.

तेव्हा वर्गीकरण म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. संघाचे नाव कळले, की तो प्राणी कुठे जगू शकेल आणि कुठे नाही, याचाही अंदाज बांधता येतो.

बागेतील मोठ्या आफ्रिकन गोगलगाईला उघड्या हातांनी शिवू नका. तिच्यात माणसाला अपायकारक असे सूक्ष्म कृमी असू शकतात. आणि कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यात तारामासा दिसला, तर तिथेच बसून त्याचे निरीक्षण करा. बाटलीत नळाचे पाणी भरून त्याला पुण्यास आणू नका. आपल्याला गोड असलेले ते पाणी त्याचा जीव घेते.