टाकाऊ काच, भट्टी आणि श्रावकाचा जमाखर्च

भाईंदरमध्ये स्टेनलेस स्टीलची भांडी घडवणाऱ्या व्यापाऱ्याला भंगाराचा तिटकारा नसतो. पत्रा कापून उरलेल्या कातरणाचे वजन होते, भाव ठरतो, त्याची वहीत रीतसर नोंद होते. ३०४ आणि २०२ या दोन प्रतींचे कातरण एकत्र झाले तर भाव पडतो, हे दुकानावर नव्याने बसलेल्या मुलालाही पहिल्या महिन्यात समजते. त्याच व्यापाऱ्याच्या घरी लोणच्याची बरणी फुटली तर मात्र ती वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली जाते. रद्दीवाला कागद घेतो, पत्रा घेतो, प्लास्टिकही घेतो. काचेचे नाव काढताच तो नाक मुरडतो. काच जड असते, वाहतुकीत फुटते, हात कापते आणि वजनाच्या मानाने तिला मिळणारा भाव क्षुल्लक असतो. व्यापारी दृष्टीने त्याचे काही चुकत नाही. परंतु ही काच कुजत नाही, गंजत नाही, जळतही नाही. ओल्या कचऱ्यात मिसळून उत्तनच्या घनकचरा प्रकल्पाकडे गेलेली बरणी आपल्या नातवंडांच्या काळातही काचच राहणार आहे.

या निरुपयोगी मानलेल्या काचेतून शिल्प घडवण्याची एक कला आहे. काचेचे तुकडे साच्यात किंवा फरशीवर रचून विद्युत्-भट्टीत तापवले की ते एकमेकांत विरघळल्यासारखे जुळतात. या क्रियेला फ्यूजिंग म्हणतात. वाळू, सोडा आणि चुनखडी यांपासून नवी काच करावयाची तर सुमारे १५०० अंश सेल्सियसची धग लागते. तयार बाटलीचे तुकडे जोडण्यास ८०० ते ८५० अंश पुरतात. काच कारखान्यांतही नव्या मालात जुन्या काचेचा चुरा मिसळण्याची पद्धत आहे, कारण चुऱ्याच्या प्रत्येक दहा टक्क्यांमागे भट्टीचे इंधन साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी वाचते.

महाराष्ट्राचा आणि काचेचा संबंध जुना असून तो बचतीतून जन्मलेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला; त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आपल्या आजी-आजोबांच्या घरांत टांगलेला असे. ही काच उपयोगाची होती, शिल्पाची नव्हती. भारतात भट्टीत ओतीव काचेचे शिल्प घडवणाऱ्यांत दिल्लीच्या हेमी बावा यांचे नाव आवर्जून घेतले जाते; त्यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली.

जैन समाजाला काचकलेचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. इंदूरचे सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले काच मंदिर अनेक वाचकांनी यात्रेत पाहिले असेल. तेथे भिंती, खांब, छत, सारे काचेने मढवलेले आहे. मात्र ते काम थंड काचेचे आहे: तुकडा कापावा, चुन्यात बसवावा. तेथे निळ्याशेजारी लाल कोणत्याही कारखान्याचा चालतो, कारण तुकडे शेजारी राहतात, एक होत नाहीत. भट्टीत ते एक होतात आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

स्टीलच्या व्यापाऱ्याला ही अडचण चटकन कळेल, कारण ती प्रतीची आहे. प्रत्येक काच तापली की फुगते आणि निवली की आकसते. पण प्रत्येकीचे प्रमाण निराळे. साध्या बाटलीच्या काचेची एक मीटर लांब कांडी १०० अंशांनी तापवली तर सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढते. ओव्हनमध्ये ठेवता येणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची तेवढीच कांडी सुमारे ०.३३ मिलिमीटरने वाढते. या दोन काचा भट्टीत जुळतात, उत्तम दिसतात आणि निवताना एक दुसरीला ओढू लागते. तडा कधी भट्टीतच जातो, कधी चार दिवसांनी, शोकेसमध्ये ठेवलेल्या वस्तूला कुणी हातही लावलेला नसताना. दोन बाटल्या एकाच हिरव्या रंगाच्या असल्या तरी त्यांचे कारखाने वेगळे असतील तर जुळण्याची हमी नाही. म्हणून अनुभवी कारागीर एक शिल्प एकाच बाटलीचे किंवा एकाच तावदानाचे करतो.

अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९७४ मध्ये तीन तरुण काचकारागिरांनी बुल्सआय नावाची कंपनी काढली. त्यांची सुरुवात टाकाऊ बाटल्या वितळवण्यापासून झाली. पुढे एकमेकांशी जुळतील अशा रंगीत काचा तपासून विकणे हाच त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. भंगाराने कला शिकवली आणि कलेने भंगार मागे टाकले, असा हा प्रवास; भंगारातूनच शिल्प करू पाहणाऱ्याने त्यातील अडचण ओळखून पाऊल टाकावे.

प्रत्यक्ष कृतीत घाई चालत नाही. बाटली धुऊन लेबल आणि गोंद पूर्ण काढावा लागतो, अन्यथा डाग कायमचा राहतो. जाड कापडात गुंडाळून ती फोडावी. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर चांगला मास्क हवा, कारण काचेची धूळ फुप्फुसात गेलेली चालत नाही. साचा प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि सिलिका भुकटी यांचा करतात. तुकडे मोठे ठेवले तर शिल्प पारदर्शक येते. बारीक चुरा घातला तर हवेचे बुडबुडे अडकून ते दुधाळ होते. कित्येकांना तेच अधिक आवडते. बाटलीच्या काचेला आणखी एक खोड आहे: ७०० अंशांच्या आसपास ती रेंगाळली तर पृष्ठभागावर पांढुरकी खरबरीत साय धरते. म्हणून माथ्याचे तापमान गाठून झाले की तो टप्पा लवकर ओलांडावा लागतो.

त्यानंतर मात्र सारे मंद. सुमारे ५४० अंशांवर भट्टी थांबवून काचेला आतून-बाहेरून सारखे होऊ द्यावे लागते, आणि मग तास मोजत निववावे लागते. जाडी दुप्पट केली की हा काळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीचा आरसा अमेरिकेत कॉर्निंग येथे डिसेंबर १९३४ मध्ये ओतला गेला. तो निववण्यास सुमारे दहा महिने लागले. तळहाताएवढ्या शिल्पाला एखादी रात्र पुरते. पण भट्टीचे दार उत्सुकतेपोटी लवकर उघडणाऱ्याचे नुकसान ठरलेले. काच नीट निवली की नाही हे पाहण्याचा एक स्वस्त उपाय आहे: पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा एकमेकींवर आडव्या धरून अंधार करावा आणि मध्ये शिल्प धरावे. आत ताण राहिला असेल तर तेथे प्रकाशाचे पट्टे उमटतात.

आता तो प्रश्न, जो जैन घरात कुणी तरी विचारणारच. एखाद्या मुलीने कलाशाळेतून येऊन ‘बाबा, मला भट्टी घेऊन द्या’ म्हटले तर? श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिले अंगारकर्म आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याखाली कुंभार, लोहार, सोनार यांच्या भट्ट्या आणि विटांचे भाजणेही धरले आहे. अग्निकाय जीवांची हिंसा हे त्याचे कारण. ‘मी धंदा करीत नाही, केवळ छंद आहे’ असे म्हणून सुटका होईल असे वाटते. परंतु निष्प्रयोजन हिंसेला अनर्थदंड म्हणतात आणि त्यापासून विरमण हेही श्रावकाच्या बारा व्रतांपैकीच एक आहे. म्हणजे उपजीविका केली तर एक दोष, छंद केला तर दुसरा. नव्या पिढीला ही कोंडी हसण्यावारी नेण्यासारखी वाटेल. तशी ती नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. नव्या काचेसाठी वाळू उपसावी लागते, चुनखडी खणावी लागते, त्यात पृथ्वीकायाची हिंसा आहे, आणि भट्टीची धग तर जवळजवळ दुप्पट तापमानाची आहे. शोभेची नवी काचवस्तू बाजारातून आणणाऱ्या घराने ही हिंसा केवळ दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेली असते. शिल्प जुन्या काचेचे आहे एवढ्याने भट्टी निर्दोष ठरत नाही. नव्या वस्तूची खरेदी त्यामुळे खरोखर टळली तरच काही जमा होते. तीन किलोवॅटची भट्टी दहा तास पूर्ण भाराने चालली तर तीस युनिट वीज लागते. ती एका लहान दिव्यासाठी पेटवावी की महिनाभर काम साठवून, फळी पूर्ण भरून एकदाच, यात फरक आहे. चातुर्मासात भट्टी बंद ठेवून ते चार महिने काच वेचण्या-धुण्यात आणि आरेखनात घालवणे हा एक व्यवहार्य मार्ग दिसतो. अंतिम निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून करावा.

विषयाच्या निवडीतही तारतम्य हवे. गडद हिरव्या आणि तपकिरी रंगाच्या सर्वांत जाड, सर्वांत सुबक बाटल्या मद्याच्या असतात. त्यांपासून जिनप्रतिमा घडवणे कुणालाही रुचणार नाही. पूजेतील स्फटिक प्रतिमेशीही काचेची बरोबरी नाही; सिलिका दोहोंत असली तरी स्फटिकातील कणांची रचना शिस्तबद्ध असते आणि काचेत ती विस्कळीत असते. सरबताची बाटली, मुरंब्याची बरणी, काढून टाकलेले तावदान यांतून कमळ, मत्स्ययुगुल किंवा एखादा अमूर्त आकार घडवावा. काढ्याच्या तपकिरी बाटलीचा रंगही उजेडात मधासारखा खुलतो. इंजेक्शनच्या कुप्या मात्र बहुधा बोरोसिलिकेटच्या असतात, त्या वेगळ्या ठेवाव्यात. ट्यूबलाइटला हात लावू नये, तिच्यात पारा असतो. आणि स्वयंपाकघरात एक डबा काचेसाठी निराळा ठेवून त्यावर बाटली कोणत्या मालाची होती ते चिठ्ठीवर लिहावे, जसे गोदामात प्रत्येक गठ्ठ्यावर प्रत लिहिली जाते.