थाळनेरच्या लेकीच्या लेकी

आमच्या नरडाण्याहून शिरपूरकडे निघालं की सावळद्याच्या पुलावर तापी लागते. पलीकडे, नदीकाठाने थोडं वर, थाळनेर. फारुकी राजांच्या कबरी आणि ढासळलेला किल्ला पाहायला कुणीकुणी तिथे जातं. मला मात्र ते गाव माहेर म्हणून प्रिय आहे. माझं नव्हे, माई मंगेशकरांचं. थाळनेरचे शेठ हरिदास लाड यांची थोरली मुलगी नर्मदा मास्टर दीनानाथांना दिली होती. ती अकाली गेली, आणि मग धाकटी शेवंती त्याच घरात गेली. त्याच माई. त्यांची मुलं: लता १९२९ची, मीना १९३१ची, आशा १९३३ची, उषा १९३५ची, पाठीवर हृदयनाथ. वडिलांच्या गाण्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण लाडांचं घर गुजराती, आणि लताबाई पावागडचे गरबे शिकल्या ते या आजोळच्या आजीकडून. खानदेशातल्या माणसाने हे विसरू नये.

मी घरी मुलींना गाणं शिकवते. पेटी, तानपुऱ्याचं यंत्र आणि ओसरीवर सतरंजी, एवढाच संसार. पालक येतात आणि पहिलंच विचारतात, पोरगी स्टेजवर कधी गाईल? पन्नाशीत, साठीत ती गात असेल का, हे कुणी विचारत नाही. मला मात्र तेच विचारावंसं वाटतं. गोड गळ्याच्या मुली खेड्याखेड्यांत आहेत. त्यातल्या कितीतरी लग्नानंतर फक्त बारशाला आणि हळदीला गातात, पुढे तेही थांबतं. म्हणून ज्या बाया टिकल्या, त्या कशा टिकल्या, हे नीट पाहायला हवं.

आधी शरीराचं. वय वाढलं की स्वरतंतूंचा लवचीकपणा कमी होतो, बरगड्या पूर्वीइतक्या फुलत नाहीत, दम लवकर संपतो. पाळी गेल्यावर बाईचा आवाज बहुधा जाड होतो, खाली येतो. तरुणपणी काळी चारला सहज लागणारा वरचा षड्ज ओढून ताणून लावावा लागतो, आणि ओढला की सूर थरथरतो. आमच्या भजनी मंडळातल्या एक आजी मला दरवेळी सांगतात, "पट्टी जराशी खाले ले व माय." त्यांना यातलं शास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण गळ्याला काय झेपतं ते त्या बरोबर ओळखतात. पट्टी खाली घेण्यात मुलींना कमीपणा वाटतो. मला त्यात शहाणपण दिसतं.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण १९८१च्या 'उमराव जान' चित्रपटाचं आहे. आशाताई तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या. संगीतकार खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला सांगितलं. जिच्या आवाजाची सगळी ओळख चपळाईची, वरच्या सप्तकातल्या खेळाची, तिला हे अवघड वाटणारच. पण त्या गझला ऐका. शब्द सुटतो आणि त्याच्या मागे थोडा श्वास रेंगाळतो, वजन खालच्या सुरांवर पडतं, घाई कुठेच नाही. त्यातल्याच एका गाण्यासाठी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९४३च्या 'माझं बाळ'मध्ये दहाएक वर्षांच्या आशाने पहिलं गाणं गायलं होतं. तिथून इथवर यायला जवळजवळ चार दशकं लागली. मध्ये लहान वयातला संसार, पदरात तीन मुलं, आणि बहुतेकदा दुसरीने नाकारलेली गाणी. तीच गाणी त्यांनी आपली करून घेतली.

पुढे १९९५ साली 'रंगीला' चित्रपट आला, ८ सप्टेंबरला. आशाताईंनी त्याच दिवशी ६२ वर्षं पूर्ण केली, आणि पडद्यावर त्या आवाजावर नाचत होती नायिका ऊर्मिला. बरोबर २८ वर्षांनी, नव्वदाव्या वाढदिवसाला, त्या दुबईत रंगमंचावर उभ्या राहून गायल्या.

लताबाईंची गोष्ट निराळी. सुरुवातीला एका बड्या निर्मात्याने हा आवाज फार बारीक आहे म्हणून नाकारला. १९४२च्या एप्रिलमध्ये वडील गेले, तेव्हा त्या तेरा वर्षांच्याही नव्हत्या. घर चालवायचं म्हणून सिनेमात कामं केली. १९४९च्या 'महल'च्या तबकडीवर तर गायिकेच्या जागी पात्राचं नाव छापलं गेलं होतं. पण मला मुलींना सांगावासा वाटतो तो त्यांचा श्वास. माइकसमोर दम कुठे आणि कसा घ्यायचा, हे त्या संगीतकार अनिल विश्वासांकडून शिकल्या. त्यांची कुठलीही संथ ओळ लावा आणि श्वास शोधा. सापडत नाही. शब्द तुटत नाही, सूर खाली पडत नाही, तरी कुठेतरी हवा आत गेलेली असते. माझ्या मुली हा खेळ खेळतात, एकच ओळ पुन्हा पुन्हा लावतात. मग त्यांच्या लक्षात येतं की आपण मात्र शब्दाच्या मधोमध दम घेतो. हा हिशेब पक्का असला की पुढे छाती थोडी कमी फुलली तरी गाणं कोलमडत नाही. साठी ओलांडलेल्या लताबाईंनी हृदयनाथांच्या चालीवर 'लेकिन'साठी गायलं आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला, त्यामागे हाच हिशेब आहे, असं मला वाटतं.

बाकीच्या दोघी बहिणींपैकी उषाताईंनी १९७२च्या 'पिंजरा'तल्या लावण्या गायल्या. मीनाताईंनी गळ्यापेक्षा चाली बांधण्यात मन रमवलं. 'सांग सांग भोलानाथ' त्यांच्या चालीत आजही बालवाड्यांत चालू आहे.

मंगेशकरांपलीकडचं एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही: गंगूबाई हनगल. घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि त्यांचा कोवळा आवाज गेला, पुरुषी म्हणावा असा भरदार आवाज आला. दुसरी कुणी पेटी मिटून बसली असती. गंगूबाईंनी त्या नव्या आवाजात किराणा घराण्याची गायकी मांडली, आणि २००६ साली, नव्वदी ओलांडल्यावर, अखेरची मैफल केली.

यावरून मी माझ्या शिकवण्यात दोन गोष्टी बदलल्या. सकाळचा पहिला अर्धा तास आता खर्जाचा. वरचा षड्ज लावून दाखवायची घाई नाही. आणि आखाजी, कानबाई या सणांना गाणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या बाया मुलींसमोर बसवते. मुली पेटीवर त्यांचा सूर शोधतात, पट्टी लिहून ठेवतात, फोनवर गाणी भरून घेतात. भरून घेण्यापूर्वी परवानगी विचारायची आणि गाणं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, एवढाच नियम.