पिल्लू गार लागतंय?

जालन्याच्या मोंढ्यात पोत्यांमागे किंवा मोसंबीच्या बागेत सापडलेलं मांजराचं पिल्लू मलूल पडलं, की माणसाचा हात आधी दुधाच्या वाटीकडे जातो. तो आवरावा. गाईच्या दुधाने अनेकदा जुलाब लागतात, आणि अंग गार असताना पोटात गेलेलं पचतच नाही. आधी ऊब हवी: फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली.

घरातली पॅरासिटामॉल मात्र मांजरासाठी विषच.

ताप, उलट्या, जुलाब एकत्र दिसले तर पॅनल्यूकोपेनियाची शंका घ्यावी. या आजाराचा पार्व्हो गटातला विषाणू टोपलीत, फरशीवर वर्षभरही तग धरतो. फिनेलचा इथे उपयोग नाही (उलट ते मांजरांना बाधतं). पातळ केलेलं ब्लीच लागतं. लस ६ ते ८ आठवड्यांपासून देतात.

पशुसंवर्धन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९६२. पशुवैद्यकीय महाविद्यालय शेजारच्या परभणीत आहे.